सीसी खात्याचं कूळ

(तालुक्याच्या गावी झालेल्या वसंत व्याख्यानमालेतलं भाषण, थोडं संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय 'अ‍ॅडम स्मिथ आणि स्कॉटिश प्रबोधन' असा छापलाय. स्मिथ, म्हणजे अठराव्या शतकातला तो स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञ, येईल, काळजी नसावी. त्याआधी एक विचारतो. इथे सीसी खातं, म्हणजे बँकेकडून लागेल तशी उचल घ्यायचं खातं, किती जणांचं आहे? हात वर करा. पहिल्या दोन रांगा तर सगळ्याच! बाजारपेठ आलेली दिसते. आता कुणाला तरी जामीन राहून पस्तावलेले किती? अरे वा, हे जास्त निघाले. म्हणजे आपलं जमणार.

मी ३६ वर्षं सहकारी बँकेत काढली, त्यातली ११ कर्ज विभागात. तरीही १९८९ साली शहाणपण गहाण टाकून एका सहकाऱ्याला जामीन राहिलो. बहिणीचं लग्न होतं बिचाऱ्याच्या. एका पतसंस्थेचं कर्ज, जामीनदार दोन. एक मी, दुसरा आमच्या गल्लीतला शिंपी. सहा हप्ते नियमित गेले. सातव्या महिन्यात एका सोमवारी हा गृहस्थ कामावर आलाच नाही. खोलीला कुलूप, घरमालकाचंही भाडं थकलेलं. मग माझ्याकडे वसुलीची नोटीस आली, तीही ऑफिसच्या पत्त्यावर, सगळ्यांसमोर. २९ महिने पगारातून २१० रुपये कापले गेले. आमची ही एवढंच म्हणाली, "सही केलीत ते पेन माझं होतं, तेवढं तरी परत आणा."

पण खरी गंमत पुढेच आहे. मी तावातावाने शिंप्याकडे गेलो. म्हटलं, "अहो, तुम्ही इतकी वर्षं कापड बेतता, माणूस ओळखता आला नाही?" तो सुई दातात धरून म्हणाला, "साहेब, तुम्ही बँकेतले. मी तुमची सही बघून सही केली." आणि मी? मी त्याची सही बघून केली होती! त्याचं स्वतःचं दुकान, गावात तीन पिढ्या. म्हटलं, हा उगीच सही करणार नाही.

तेव्हापासून डोक्यात एक किडा शिरला. दोनच जामीनदार का? एक का नाही, पाच का नाहीत? आमच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, "मॅन्युअलमध्ये आहे." निवृत्त झाल्यावर स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' वाचायला घेतलं. दुसऱ्या भागातल्या दुसऱ्या प्रकरणात, स्कॉटलंडच्या बँकांच्या वर्णनात, ते दोघे बसलेले! ज्याला दोन पतदार, जमीनजुमला असलेली माणसं जामीन मिळतील, त्याला ठरावीक मर्यादेपर्यंत बँक पैसे उचलू देते; जमेल तसे थोडेथोडे भरायचे, लागतील तसे उचलायचे, आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतं. हे काय आहे? पहिली रांग, बोला! सीसी. कॅश क्रेडिट. हा शब्दही त्या लोकांचाच. आपल्याकडे नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. मी सीसीचं शोधत गेलो आणि पोहोचलो थेट पनामाच्या जंगलात.

ते कसं, ऐका. १६९० च्या दशकात स्कॉटलंडचे हाल कुत्रा खात नव्हता. लागोपाठ पिकं बुडाली, माणसं भुकेने मेली. इंग्लंडशी राजा एकच, पण पार्लमेंट वेगळं, आणि इंग्रजांच्या वसाहतींत स्कॉट व्यापाऱ्याला मज्जाव. तेव्हा विल्यम पॅटरसन नावाचा एक हुशार स्कॉट पुढे आला. बँक ऑफ इंग्लंडची कल्पना मांडणाऱ्यांतला हा प्रमुख माणूस. त्याची नवी कल्पना अशी: पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर, डॅरियनला, वसाहत करायची. एकीकडे अटलांटिक, दुसरीकडे पॅसिफिक. दोन महासागरांच्या मध्ये आपला नाका टाकून बसायचं, सगळ्या जगाचा माल आपल्या दारावरून जाईल! नकाशावर बिनतोड.

पॅटरसनच्या कंपनीची लंडनमधली भागविक्री तिथल्या ईस्ट इंडिया कंपनीने हाणून पाडली. मग स्कॉट इरेला पेटले. १६९६ मध्ये एडिनबरात वही उघडली आणि सरदारांपासून वकील, डॉक्टर, व्यापाऱ्यांपर्यंत लोकांनी ४ लाख पौंडांचे भाग लिहून दिले. कागदावर, बरं का. सगळे काही भरले गेले नाहीत. (पहिली रांग का हसतेय?) जुलै १६९८ मध्ये लीथ बंदरातून पाच जहाजं निघाली, सुमारे १२०० माणसं. सोबत विकायला काय नेलं? जाड लोकरी कापड, कंगवे आणि केसांचे टोप. विषुववृत्ताजवळ! नागपूरला मे महिन्यात कांबळ्यांचा सेल लावावा तसं. जागा दलदलीची, वर धो धो पाऊस, हिवताप, हगवण. पॅटरसनची बायको तिथे गेली, तो स्वतः मरता मरता वाचला. आजूबाजूच्या इंग्रज वसाहतींना राजाचा हुकूम: यांना मदत करायची नाही. वसाहत आठ महिनेही टिकली नाही. आणि ही बातमी घरी पोहोचायच्या आत दुसरी तुकडी निघालीसुद्धा! तिला तिथे ओस पडलेल्या झोपड्या आणि कबरी मिळाल्या. १७०० साली स्पॅनिश सैन्याने वेढा घालून उरलेल्यांना हुसकून लावलं. सगळी मिळून दोनेक हजार माणसं मेली.

देशातला बराचसा खेळता पैसा गेला. मग १७०७ चं एकीकरण आलं. स्कॉटलंडचं पार्लमेंट इंग्लंडच्यात विलीन. करारात एक रक्कम होती, ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग. शिलिंगसुद्धा सोडला नाही, हे मला हिशेबनीस म्हणून फार आवडतं. तिच्यातून डॅरियनच्या भागधारकांना मुद्दल आणि वर पाच टक्के व्याज मिळायचं होतं. देश विकला की वाचवला, यावर तिकडे अजून भांडतात. मी पडत नाही. मला पुढचं सांगायचंय. सगळ्यांना रोख मिळाली नाही, अनेकांच्या हाती कर्जरोखे आले. त्या रोखेधारकांची कंपनी झाली, आणि तिच्यातून १७२७ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड. पुढच्याच वर्षी, १७२८ ला, या बँकेने विल्यम हॉग नावाच्या एडिनबरातल्या व्यापाऱ्याला खात्यात असलेल्या पैशापेक्षा १००० पौंड जास्त उचलायची मुभा दिली. हॉगकडे माल होता, उधारी येणं होती, हातात रोकड नव्हती. तुमचीच गोष्ट! म्हणजे बुडालेल्या कंपनीच्या भरपाईतून जगातला पहिला ओव्हरड्राफ्ट.

आणि दोन जामीनदार का, तेही कळलं. छोटा देश, सोनंचांदी नाही, तारण ठेवायला फारसं काही नाही. होती ती ओळख. कर्जदारावर बँकेची नजर पोहोचत नाही, जामिनाची पोहोचते. तो दारू पितो का, दुकान वेळेवर उघडतो का, हे शेजाऱ्याला कळतं. आता माझं लाडकं मत ऐका. प्राध्यापक मंडळींनी मला मारू नये. स्मिथचं पहिलं पुस्तक, १७५९ चं, नीतीवर आहे. त्यात तो म्हणतो, माणूस भला वागतो कारण त्याच्या मनात एक तटस्थ प्रेक्षक बसलेला असतो, त्याच्या नजरेने तो स्वतःकडे बघतो. मी म्हणतो, ज्या गावात प्रत्येक कर्जदाराकडे दोन जामीन डोळे लावून बसलेत, तिथेच हे सुचणार! स्मिथने मनातल्या मनात तिसरा जामीन उभा केला.

हं, चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मंडळी, अर्ध्या तासाचा विषय शिल्लक आहे. पळतो.

प्रबोधन, म्हणजे अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये आलेली नव्या विचारांची लाट. दुष्काळ, डॅरियन या सगळ्यात, १६९६ लाच, स्कॉटलंडच्या पार्लमेंटने कायदा केला: प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, शाळा, मास्तरचा पगार तिथल्या जमीनदारांनी द्यायचा. इंग्लंडमध्ये विद्यापीठं दोन, या चिमुकल्या देशात पाच. पण उगीच गौरवगीत नको. १६९७ च्या जानेवारीत याच एडिनबरात थॉमस एकनहेड हा वीस वर्षांचा विद्यार्थी धर्मनिंदेबद्दल फासावर गेला. आणि चौदा वर्षांनी तिथेच तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम जन्मला. संशयवादी म्हणून त्यालाही प्राध्यापकी नाकारली, एडिनबरात आणि ग्लासगोतही. पण फाशी नाही. एका पिढीत एवढं अंतर.

ग्लासगोला हचिसन नावाचा प्राध्यापक लॅटिन सोडून इंग्रजीत शिकवायचा, त्याचा विद्यार्थी स्मिथ. तिथे मास्तरांना फी विद्यार्थी हातात द्यायचे, म्हणून शिकवणं भाग होतं. ऑक्सफर्डला पगार ठरलेला. तिथल्या बहुतेक प्राध्यापकांनी शिकवण्याचं सोंगही सोडलंय, असं स्मिथने लिहून ठेवलंय. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक आणि वाफेच्या इंजिनवाला जेम्स वॉट त्याच ग्लासगोच्या विद्यापीठातले. शहराचा पैसा मात्र तंबाखूचा, म्हणजे अमेरिकेतल्या गुलामांच्या घामाचा. गुलामगिरीच्या पैशाचा लाभ आपल्यालाही झाला, हे विद्यापीठाने स्वतःच्या देणग्या तपासून २०१८ मध्ये कबूल केलं. आपल्याकडेही पाहा: महाबळेश्वरच्या माल्कम पेठेचा माल्कम, एल्फिन्स्टन, मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, विल्सन कॉलेजचे विल्सन, सगळे स्कॉट. आपण सरसकट 'इंग्रज' म्हणतो. जाऊ दे, वेळ नाही.

स्मिथचा प्रसिद्ध 'अदृश्य हात', म्हणजे जो तो आपला फायदा बघतो आणि नकळत भलं सगळ्यांचं होतं ही कल्पना, 'वेल्थ ऑफ नेशन्स' या जाडजूड ग्रंथात एकदाच येतो. बँकांबद्दलची पानं किती तरी. कारण १७७२ मध्ये स्कॉटलंडमधली एअर (Ayr) गावची बँक बुडाली. एकाने दुसऱ्यावर हुंडी काढायची, ती भागवायला दुसऱ्याने पहिल्यावर. माझी सही आणि शिंप्याची सही! स्मिथचा जुना विद्यार्थी, बक्लूचा ड्यूक, त्या बँकेचा मोठा भागीदार; स्मिथ मित्रांना सोडवण्यात गुंतला. ह्यूमने पत्रात विचारलं, या दिवाळखोऱ्यांनी तुझ्या सिद्धांतात काही फरक पडतोय का? पडला. मुक्त व्यापाराचा हा पुरस्कर्ता लिहितो की बँकांवर बंधनं हवीत, जशी आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधायची सक्ती असते.

दुसरी चिठ्ठी. एकच सांगतो. १७७८ मध्ये स्मिथला नोकरी कुठली मिळाली? जकात खात्यात, आयुक्त म्हणून! रुजू झाल्यावर त्याने बंदी घातलेल्या मालाची यादी वाचली आणि घरी जाऊन स्वतःचं कपाट उघडलं. गळपट्टे, झालरी, रुमाल, जवळजवळ सगळं बंदीतलं निघालं. त्याने ते जाळून टाकलं. आणि एका परिचिताला पत्रात लिहिलं, तुमचं आणि तुमच्या पत्नीचं कपाट मात्र तपासून बघा असं मी सुचवणार नाही, उगीच तुम्हीही अडकाल.