रेडिओच्या काचेवरचा लाल ठिपका

नमस्कार मंडळी! जेवणं झाली असतील तर रेडिओ जरा जवळ ओढा, आज गप्पा रेडिओच्याच.

आमच्या घरी एक जुना सेट होता, काटा फिरवायचा. २००२ मध्ये मुंबईत प्रायव्हेट एफएम आलं आणि माझ्या बहिणीने त्याच्या काचेवर ९२.५ च्या जागी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. गो ९२.५! इंग्लिश गाणी, सकाळी जग्गू आणि तराना या निवेदकांच्या गप्पा, बाकीचे सगळे हिंदी वाजवत असताना हे एकटं वेगळं. बाबा वैतागायचे, "हे काय कोकलतायत सकाळी सकाळी?"

मग हळूहळू मध्येच हिंदी गाणं यायला लागलं. बहीण म्हणाली, "वाट लावली यांनी!" आता यात आपली आवडनिवड असतेच हो, पण खरी गोम पैशात होती. मुंबईच्या लायसनची फी पहिल्या वर्षाला ९.७५ कोटी आणि दरवर्षी त्यात १५ टक्के वाढ, जाहिराती येवोत न येवोत पैसे भरायचेच, आणि प्रायव्हेटवाल्यांना बातम्या द्यायला बंदी, म्हणजे हातात उरलं काय तर गाणी. एवढं ओझं डोक्यावर असताना इंग्लिश ऐकणाऱ्या मूठभर लोकांवर कोण बसून राहणार? विन ९४.६ नावाचं दुसरं स्टेशन तर बंदच पडलं. २००५ मध्ये सरकारने नियम बदलले, एकदाच एन्ट्री फी आणि मग उत्पन्नाच्या ४ टक्के, तेव्हा कुठे सगळ्यांना श्वास घेता आला. (मराठी गाणी मात्र तेव्हाही कुणाला आठवली नाहीत, मुंबईत बसून! ती आपली आकाशवाणीवरच.)

तसं सरकारी नियमांवरून रेडिओवरची गाणी बदलणं हे नवीन नाही म्हणा. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटलं, लोक सरळ श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनला गेले आणि शेवटी १९५७ ला विविध भारती काढावी लागली.

तर आमचं गो गेलं, ९४.३ वर जाऊन रेडिओ वन झालं, हिंदी वाजवायला लागलं, आणि गंमत बघा, काही वर्षांनी तेच स्टेशन परत इंग्लिश! पण तोवर बहीण लग्न होऊन गेलेली.

ठिपका राहिला. काटा तिथे नेला की आता ९२.७ लागायचं, बिग एफएम. बाबा रोज तिथेच लावून अन्नू कपूरचे जुन्या गाण्यांचे किस्से ऐकत बसायचे. बहीण माहेरी आली की म्हणायचे, "तुझं स्टेशन सुधारलं हो आता."