सभासद फोटोत सगळे, कामाला मात्र तेच सहा जण? आधी तो मेसेज बंद करा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय: सेवाभावी क्लबचे सभासद कामात भाग कसे घेतील? यादीत पन्नास-साठ नावं, पदग्रहणाच्या फोटोत उभं राहायला जागा नाही, आणि प्रकल्पाच्या दिवशी अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार आणि त्यांच्या घरची माणसं!

सोपं ते पटकन उरकते. सभा वेळेवर सुरू करा, वेळेवर संपवा. वर्षाचे प्रकल्प आधी सांगा. नव्या सभासदाला पिन लावून वाऱ्यावर सोडू नका, एक जुना सभासद जोडीला द्या. हे तुम्हाला माहीतच आहे. पुढे.

आता माझं खरं दुखणं. ग्रुपवरचा तो मेसेज. "रविवारी रक्तदान शिबिर आहे. इच्छुकांनी नावे कळवावीत." खाली अंगठेच अंगठे, दोन नमस्कार, एक "अभिनंदन टीम". नाव? एकही नाही. मग अध्यक्ष चिडून लिहितात, "सभासदांनी गांभीर्याने घ्यावे." त्यालाही अंगठे.

अहो, सगळ्यांना विचारलं म्हणजे कुणालाच विचारलं नाही. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोरी ओढायला लावून जोर मोजला होता, १९१३ साली ते प्रसिद्ध झालं. आठ जण मिळून ओढायला लागले की प्रत्येकाच्या वाट्याचा जोर, एकट्याने ओढताना असतो त्याच्या साधारण निम्म्यावर यायचा. यात थोडा भाग ताळमेळ चुकण्याचा, पण पुढच्या प्रयोगांत हेही दिसलं की बरोबर बाकीचे आहेत म्हटल्यावर माणूस हात सैल सोडतो. बारभाईची खेती, काय लागेल हाती!

म्हणून नाव घेऊन विचारा. फोन करा, भेटा. "तुम्ही याल का?" यातला "तुम्ही" एकच माणूस असला पाहिजे.

पण नुसतं नाव घेऊनही भागत नाही. "जरा मदत करा ना" हे काम नव्हे. मी सेक्रेटरी होते तेव्हा एक निवृत्त गृहस्थ होते, सभेला नियमित, कामाला कधीच नाहीत. कमिटीने त्यांना "निष्क्रिय" ठरवून टाकलेलं. मी त्यांना विचारलं, "शिबिराच्या दिवशी आठ ते दहा नोंदणीच्या टेबलावर बसाल?" त्यांचा एकच प्रश्न: "दहा म्हणजे दहाला सुटणार ना?" म्हटलं, हो. आले. स्वतःची पेनं घेऊन आले, रांगेतल्या लोकांना अर्ज आधीच भरायला लावले, गर्दी अशी झाली नाही. आणि दहाला उठून सरळ घरी! कमिटीतले एक जण कुरकुरले, "थांबायचं की थोडं." का थांबायचं? ठरलं होतं तेवढं केलं माणसाने. पुढच्या शिबिराआधी त्यांचाच फोन आला, "माझं आठ ते दहा आहे ना?"

हे लक्षात घ्या, लोक कामाला घाबरत नाहीत, काम कधी संपेल ते माहीत नसतं त्याला घाबरतात. एकदा हो म्हटलं की पुढच्या वर्षी सहसेक्रेटरी, त्याच्या पुढच्या वर्षी सेक्रेटरी, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून सभेत मान खाली घालून बसतात. आणि भर सभेत, माईकवरून नाव घेऊन विचारू नका हं! तिथे माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि रविवारी त्याचा फोन बंद येतो. नाही म्हणायची सोय ठेवून विचारा. मग जो हो म्हणेल तो येतो.

एका दादांनी लिहिलंय, "आम्ही गैरहजेरीला दंड लावलाय, तुमचं मत?" लायन्स क्लबमध्ये टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी असतो, तो हसतखेळत किरकोळ दंड करतो, ती गंमत वेगळी. खरा दंड लावलात तर पस्तावाल. इस्राएलमधल्या पाळणाघरांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झालाय. मुलांना उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला! पैसे भरले, विषय संपला. दंड काढून घेतल्यावरही लोक पूर्वीसारखे वेळेवर यायला लागले नाहीत. तुमचा सभासदही दंड भरून निवांत घरी बसेल.

आणि मुळात हजेरीचं एवढं काय? रोटरीनेसुद्धा २०१६ मध्ये सभा आणि हजेरीचे नियम बरेच सैल केले. रोटरीची सुरुवातच बघा: १९०५ साली शिकागोत संस्थापक पॉल हॅरिस आणि आणखी तिघं जमले, पुढे सभा आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत व्हायच्या. म्हणजे प्रत्येकावर कधी ना कधी यजमानपण यायचंच. आता हॉल कायमचा, खुर्च्या मांडलेल्या, सभासद पाहुण्यासारखा येऊन बसतो.

"नव्या पिढीला सेवेची आवडच नाही" असं लिहिणाऱ्यांना एकच विचारते: त्या नव्या पिढीतल्या कुणाला तुम्ही शेवटचा फोन कधी केलात? फॉरवर्ड नाही, फोन.

आता पुढच्या प्रकल्पाची यादी घ्या. कामाचे दोन-दोन तासांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्यापुढे एक नाव लिहा आणि फोन लावायला घ्या. अध्यक्षांनी एकट्याने नाही, कमिटीतल्या प्रत्येकाने पाच-पाच. कुणी काय उत्तर दिलं ते खाली लिहा, नकारसुद्धा लिहा, पुढच्या व्हिडिओत तेच घेते.