लादी जुनी, वायरी नव्या

(दृश्य: सकाळ. शिवाजी पार्कचा कट्टा, फिरायला आलेली माणसं. मग एका तीन मजली इमारतीचा गोलाई घेतलेला सज्जा.)

हे मैदान १९२५ सालचं. भोवतालच्या बऱ्याच जुन्या इमारती त्यानंतरच्या दोन दशकांतल्या. खिडक्यांवरचे हे लांबट, पातळ छज्जे बघा. ह्या शैलीला आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्हवरच्या ह्या इमारतींच्या भावंडांचं नाव २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत लागलं. इथल्यांना येतात ते बिल्डरचे फोन.

आपण चाललोय दुसऱ्या मजल्यावर. घरात आजी, मुलगा, सून आणि दहावीतली नात. घराचं काम काढलं तेव्हा पहिलाच सल्ला आला, "सगळं उखडा, व्हिट्रिफाइड टाइल्स टाका." सून म्हणाली, आधी लादी घासून तरी बघू.

(दृश्य: लादी, अगदी जवळून.)

ही सिमेंटची लादी. भट्टीत भाजलेली नाही, दाबून केलेली. साच्यात रंगीत सिमेंटचा थर ओततात, त्याच्या पाठीवर साधं मिश्रण भरतात आणि यंत्राखाली दाबतात. म्हणजे रंग नुसता वरवरचा नाही, काही मिलिमीटर आतपर्यंत आहे. म्हणून तर तीन पिढ्यांचे पाय फिरूनही नक्षी जागच्या जागी. १९२२ साली सुरू झालेली भारत फ्लोअरिंग्ज ही इथलीच कंपनी अशा लाद्या आजही बनवते. ह्या लादीचं वैर ॲसिडशी. संडास धुवायची बाटली इथे कलंडली, की सिमेंट खाल्लंच म्हणून समजा. कारागिरांनी नुसत्या पाण्यावर पॉलिशचे दगड फिरवले, आणि काळपट थराखालून तांबडा, हिरवा रंग वर आला. ह्यावरच नवी फरशी चिकटवली असती, तर जुन्या स्लॅबवर ओझं वाढलं असतं आणि एकेक दार खालून तासावं लागलं असतं. दारं सागवानी आहेत. सुताराने तासायला साफ नकार दिला असता, आणि बरोबरच केलं असतं.

आता मान वर करा. दारावरची ही काचेची झडप, व्हेंटिलेटर. गरम हवा वर चढते आणि इथून बाहेर पडते. फॉल्स सीलिंग केलं की हा रस्ताच बंद. उंच छताच्या घरात पीओपीचं खोटं छत का लावतात, मला आजवर उमगलेलं नाही. इथे लावलेलं नाही. एसी मात्र आहे. मे महिन्यात तत्त्वं पाळून झोप येत नाही. झडपेला नवी बिजागरी आणि दोरी बसवली: एसी चालू, झडप बंद, एसी बंद, झडप उघडी.

वायरी पूर्वी लाकडी पट्ट्यांमधून फिरायच्या. आता त्या भिंतीवरूनच, काळ्या लोखंडी पाइपांतून गेल्या आहेत. भिंत फोडलेली नाही. पाइप दिसतात, आणि छान दिसतात.

स्वयंपाकघराची भिंत पूर्ण पाडायचा बेत होता. इंजिनिअरने खांब-तुळया तपासून परवानगी दिलीही. अडलं आजींपाशी. "फोडणीचा खाट दिवाणखान्यात येईल," म्हणाल्या. शेवटी भिंतीत सरकत्या काचेची खिडकी झाली. ओट्यावरून चहा थेट बाहेर येतो. कडप्पा जुनाच, शेगडी नवी.

(दृश्य: खिडकीतून शेजारच्या टॉवरचं बांधकाम. क्रेनचा आवाज.)

इमारत उद्या पुनर्विकासाला गेली तर? हा प्रश्न घरात रोज होतो. म्हणून नवं काहीच कायमचं ठोकलेलं नाही. कपाटं आपापल्या पायांवर उभी, फळ्या स्क्रूवर. उचलायची म्हटली तर दोन दिवसांत उचलता येतील. लाद्या तेवढ्या निघणार नाहीत. काढताना निम्म्या फुटतात.

दारं निघतील. डागडुजीसाठी सगळी दारं उतरवली, तेव्हा कुठलं कुठे बसतं ते कळावं म्हणून सुताराने प्रत्येकाच्या वरच्या कडेवर पेन्सिलने आकडे घातले. एक ते चौदा. पॉलिशवाला पुसायला निघाला होता. आजी म्हणाल्या, "राहू दे रे, लागतील."