घरात बंदूक आहे? आधी कुलूप दाखवा

नमस्कार मंडळी.

(टेबलावर एकनळी बंदूक, मधून मोडून, म्हणजे बिजागरीतून उघडून ठेवलेली. नळी रिकामी. काडतुसं या खोलीत नाहीत.)

ही बाराबोरची एकनळी. आधी आजोबांची, मग बाबांची, आता परवान्यावर माझं नाव आहे. कुडाळ तालुक्यात वाडीपासून जरा लांब, काजूच्या बागेत आमचं घर. सगळ्यात जवळचं शेजारचं घर हाकेच्या टप्प्यात नाही. रात्री कुत्रं भुंकायला लागलं की बिबट्या आला, डुक्कर आलं की माणूस आला, हे अंथरुणातून कळत नाही. त्यामुळे घरात बंदूक हवी असं वाटणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही. मीही त्यांच्यातलीच आहे.

पण आधी एक गोष्ट सांगते. मी नऊ वर्षांची होते. मे महिना, घर भावंडांनी भरलेलं, चोर-पोलीस चाललेला. बंदूक पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली असायची, आणि आजोबांची ठाम समजूत होती की हे पोरांना ठाऊक नाही. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटा चुलतभाऊ शिडी लावून वर गेला आणि ती घेऊन खाली उतरला. आजी पडवीत सुपारी कातरत बसली होती. ती उठली, काही न बोलता त्याच्या हातातून बंदूक घेतली, नळी अंगणाकडे केली आणि आजोबांना हाक मारली. आजोबांनी ती मोडली तेव्हा आत काडतूस होतं. डुकरासाठी आदल्या रात्री भरलेलं, काढायचं राहिलेलं. त्या दिवशी कुणालाच काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी आजोबा लोहाराकडे पेटी सांगायला गेले.

म्हणून मला कुणी विचारलं, "ताई, परवाना कसा काढायचा?", तर मी उलट विचारते, पेटी कुठे बसवणार आहेस?

परवान्याचं थोडक्यात सांगते. कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९, आणि त्याखालचे २०१६ चे नियम. वय २१ पूर्ण हवं. जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलिसांची चौकशी होते. वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण लागतं. गुळगुळीत नळीची, किमान २० इंच नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी आणि ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक शेतीसंरक्षणासाठी, यांचा कायद्यात वेगळा उल्लेख आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलासाठी मात्र सबळ कारण पटवून द्यावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. घरातली जुनी बंदूक वारसाकडे द्यायची असेल तर ती फक्त मृत्यूनंतरच देता येते असं नाही. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे राहिलं, तरी वारसाला अर्ज करता येतो. माझ्या नावावर ही अशीच आली.

आणि अर्जासोबत शस्त्र सुरक्षित ठेवीन, असं हमीपत्र द्यायचं असतं. लोक त्यावर सही ठोकतात आणि विसरून जातात. मला वाटतं, सगळ्या कागदांत खरा कागद तोच.

सुरक्षित म्हणजे काय? लोखंडी कपाट, आणि ते भिंतीत बोल्टने आवळलेलं. नुसतं उभं कपाट चोर उचलून नेतो, मग त्याच्याही हातात बंदूक येते. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलुपात. चावी देवाच्या फोटोमागे नाही, तांदळाच्या डब्यात नाही, चौकटीवर नाही. घरातल्या पोराला या तिन्ही जागा माहीत असतात. चावी माझ्या अंगावर असते. शिवाय आपल्याकडे पावसाळा चार महिन्यांचा, तेव्हा बंद कपाटात लोखंडाला गंज चढतो. आठवड्याला एकदा काढून पुसायची, तेल द्यायचं, पुन्हा कुलूप.

कपाटातून काढली की पहिलं काम हे. बघा. नळी भिंतीकडे, माणसाकडे नाही. बोट घोड्यापासून लांब, बाहेरच्या बाजूला सरळ. मोडायची आणि नळीतून पलीकडचा उजेड बघायचा. अंधार असेल तर करंगळी घालून चाचपायचं. मीच काल रिकामी करून ठेवली होती, तरीही. बाबांच्या हातातून माझ्या हातात आली तरी मी त्यांच्यासमोर उघडून बघते, आणि त्यांना त्याचा राग येत नाही.

ठासणीच्या बंदुकीचं दुखणं वेगळं. ती मोडून आत बघता येत नाही, आणि भरायला वेळ लागतो म्हणून माणसं भरूनच ठेवतात. त्यांनी एक करावं. नळी पूर्ण रिकामी असताना ठासायचा गज आत सोडायचा आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करायची. पुढे कधीही गज सोडल्यावर ती खूण वर राहिली, तर आत दारू आणि शिसं आहे. केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, बसवलेली बंदूक घरात कधीच ठेवायची नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढी कुलपं उघडेपर्यंत चोर घरात! हो. खरं आहे. भरून उशाशी ठेवलेली बंदूक लवकर हातात येते, यात वाद नाही. पण चोर वर्षातून एखादे रात्री येईल, येणारही नाही. घरातली पोरं, म्हातारी, दारू पिऊन आलेला भाऊ, कर्जाने पिचलेला नवरा, ही माणसं रोज त्याच उशाशी असतात. मी माझा हिशेब केला आहे आणि मी कुलूप निवडलं आहे.

कॅलिफोर्नियात जवळपास २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्वतःची हँडगन असलेल्या पुरुषांमध्ये बंदुकीने जीव देण्याचं प्रमाण नसलेल्यांच्या सुमारे आठपट निघालं. तिथले कायदे वेगळे, हत्यारं मुबलक, हे मान्य. पण एका वाईट रात्रीचं जे असतं ते इथेही तसंच असतं. ती रात्र सरली तर माणूस सावरतो. म्हणून घरात कुणी खचलेलं असेल, जेवत नसेल, बोलत नसेल, तर बंदूक घरातून बाहेर काढा. पोलीस ठाण्यात किंवा तशी परवानगी असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडे ती ठेवता येते. आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. लाज कसली त्यात.

समजा, रात्री आवाज आलाच. पहिला हात फोनकडे, ११२. सगळ्यांना एका खोलीत घ्यायचं, दाराला आतून कडी, बाहेरचे दिवे लावायचे, मोठ्याने ओरडायचं, "कोण आहे?" चोराला अंधार हवा असतो आणि गप्प घर हवं असतं. अंधारात दिसणाऱ्या आकृतीवर बार काढायचा नाही. गणपतीला मुंबईहून रात्रीच्या गाडीने आलेला, न सांगता मागच्या दाराने येणारा तुमचाच मुलगा तो असू शकतो. रानात सोबत्यालाच डुक्कर समजून बार टाकल्याच्या बातम्या आपल्या जिल्ह्यात कुणी वाचल्या नाहीत? समोर कोण आहे आणि त्याच्या मागे काय आहे, दोन्ही दिसलं पाहिजे. पातळ दारातून छर्रे आरपार जातात, आणि पलीकडे कुणाची तरी खाट असते.

कायदा तुमच्या बाजूने आहे, पण मोजून. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, घराला आग लावणं, अशा वेळी हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत पोचू शकतो. त्याचबरोबर कलम ३७ सांगतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तर हा हक्क नाही, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही. अंगणातून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेला बार तुम्ही बचाव म्हणून कसा सांगणार? काजू चोरणाऱ्या पोरावर तर बंदूक रोखायचीसुद्धा नाही.

शेजाऱ्याला एका रात्रीसाठी डुकराकरता बंदूक देणं, हा गुन्हा आहे. शेजारी कितीही सख्खा असो. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मोकळीकही नाही, रानडुक्कर वन्यजीव कायद्याखाली येतं. लग्नात, वरातीत हवेत बार काढला आणि लोकांचा जीव धोक्यात आला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खंडेनवमीला पूजा जरूर करा. आम्हीही करतो, पाटावर मोडून ठेवलेली, झेंडूचं फूल नळीवर, आणि आरती झाली की लगेच कपाटात.

शेवटी, ज्यांच्या घरात आजोबांची बंदूक आहे पण परवानाधारक हयात नाहीत, त्यांच्यासाठी. ती तशीच माळ्यावर ठेवून चालत नाही. वारसाला हवी असली तरी नवा परवाना होईपर्यंत ती जमा करावी लागते. नको असेल तर ठाण्यात तसं लेखी द्या. नेण्याआधी ती भरलेली नाही याची जाणत्या माणसाकडून खात्री करून घ्या, जुना परवाना सोबत ठेवा, आणि पावती हातात आल्यावर त्यावरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून मगच ठाण्यातून निघा.