चुनखडीच्या छताखालची गोदामं

कॅन्सस सिटी, मिझुरी, अमेरिका. मिझुरी नदीच्या खोऱ्यातल्या एका कड्याला मोठं चौकोनी तोंड आहे. मालानं भरलेला ट्रेलर वेग कमी करतो आणि थेट त्या तोंडातून आत शिरतो. आत डांबरी रस्ता, ओळीनं दिवे, दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या पाट्या. डोक्यावर शंभरेक फूट दगडमाती. ही सबट्रॉपोलिस, जमिनीखालची औद्योगिक वसाहत.

मुळात ही चुनखडीची खाण. रस्त्यांसाठी, काँक्रीटसाठी इथून दगड गेला आणि मागे पोकळी राहिली. पण इथली पोकळी वेडीवाकडी नाही. छत तोलून धरायला साधारण 25 फूट लांब-रुंद खांब जागच्या जागी सोडलेत आणि तेही सरळ रांगांत. दगड काढतानाच उद्या इथे ट्रक वळेल, भिंत उभी राहील, भाडेकरू येईल याचा विचार कुणीतरी केला होता. मला या जागेचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच. खांबाजवळ जाऊन बघा. वर पांढरा रंग चढवलाय, तरी दगडाचा खडबडीतपणा लपत नाही.

ही मालमत्ता हंट कुटुंबाच्या ‘हंट मिडवेस्ट’ कंपनीची. याच घराण्यातले लॅमार हंट म्हणजे कॅन्सस सिटी चीफ्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे संस्थापक. आज इथली 60 लाख चौरस फुटांहून जास्त जागा वापरात आहे.

भाडेकरू इथे येतो तो मुख्यतः हवेसाठी. बाहेर जानेवारीत बर्फ, जुलैत अंगाची काहिली. आत मात्र बारा महिने 18 ते 21 अंश सेल्सिअस. त्यामुळे हीटिंग-कूलिंगचा खर्च खूप वाचतो. छत गळत नाही, ते बदलावंही लागत नाही. हा मुलूख टोर्नेडोंचा, म्हणजे जमिनीवर उठणाऱ्या चक्रीवादळांचा, पण त्याचीही इथे झळ नाही. म्हणूनच जुन्या चित्रपटांची रिळं इथे ठेवली जातात. अमेरिकन टपाल खात्याचं तिकीट-वितरण केंद्रही इथेच आहे. संग्राहकांनी मागवलेली तिकिटं याच खाणीतून निघतात.

पण नुसती हवा चांगली असून भागत नाही. माल येण्या-जाण्याचा रस्ता लागतो. तो या शहराला 1869 सालीच मिळाला. त्या वर्षी हॅनिबल पूल झाला, मिझुरी नदीवरचा पहिला रेल्वेपूल. शेजारची लेव्हनवर्थसारखी गावं स्पर्धेत मागे पडली आणि रेल्वेमार्ग इथे येऊन मिळू लागले. आज आय-35 आणि आय-70 हे महामार्ग इथेच एकमेकांना छेदतात. 2023 मध्ये दोन रेल्वे कंपन्यांच्या विलीनीकरणातून सीपीकेसी तयार झाली. कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको एकाच कंपनीच्या रुळांनी जोडले गेले. तिचं अमेरिकेतलं मुख्यालय कॅन्सस सिटीतच आहे.

खाणीला एक मर्यादा आहे, उंचीची. छत जेमतेम 16 फुटांवर. आजच्या नव्या गोदामात रॅक त्याच्या दुप्पट उंच चढतात आणि इथे ते शक्यच नाही. कंटेनरमधून उतरणारा, रॅकवर उंच रचायचा माल नैऋत्येला कॅन्सस राज्यातल्या एजर्टन गावाकडे वळतो. तिथे बीएनएसएफ रेल्वेनं 2013 मध्ये कंटेनर-तळ सुरू केला आणि शेतांच्या जागी गोदामांच्या रांगा उठल्या. ज्या मालाला उंची नको, पण तापमान सांभाळायला हवं, तो आजही खाणीकडेच येतो.