दुर्गाबाई खोटे : मायक्रोफोनसमोर आणि मायक्रोफोनविना

मंडळी, दुर्गाबाईंचा विषय निघाला की आपण ‘प्रतिष्ठित घरातली बाई सिनेमात आली’ यापाशीच रेंगाळतो. धाडस होतंच ते. १९३१च्या ‘फरेबी जाल’मधल्या छोट्याशा भूमिकेवरूनही त्यांना बोलणी खावी लागली. पण पुढे पन्नास वर्षं त्या टिकल्या त्या कामावर, तेव्हा आज कामाबद्दलच बोलू.

‘अयोध्येचा राजा’ १९३२चा. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. दिग्दर्शक शांताराम, ध्वनी विष्णुपंत दामल्यांकडे, हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गाबाई. पार्श्वगायन अजून यायचं होतं. कॅमेऱ्यासमोर गायचं आणि तेच मुद्रित व्हायचं. वाजवणारे चौकटीबाहेर, पण मायक्रोफोनच्या टप्प्यात. नंतर आवाज कमी-जास्त करायची सोय जवळजवळ नव्हतीच. तबला फार जवळ आला की गळा बुडायचा, मग तबलजीला मागे सरकवायचं. मिक्सिंग म्हणा हवं तर! मायक्रोफोन दिसू नये म्हणून वर टांगलेला, त्यामुळे नटीनं मान वळवली की शब्द पडलाच. जुन्या बोलपटांतल्या नट्या गाताना ताठ का दिसतात, त्याचं एक कारण हे. शेवटच्या ओळीला सूर घसरला तर शॉट पुन्हा पहिल्यापासून. त्यात हा चित्रपट हिंदीतही निघाला, म्हणजे तारामती दोनदा उभी करायची.

नट-नट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर असायचे, त्या काळात दुर्गाबाई प्रभातबरोबरच कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्येही काम करत होत्या. १९३६च्या ‘अमरज्योती’तली चाच्यांची म्होरकी सौदामिनी मात्र पुन्हा प्रभातचीच. माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथे दिसते. तारामतीला सोसायचंच होतं, सौदामिनी हुकूम सोडते.

रंगभूमीवर त्यांचा जम बसला तो सिनेमात नाव झाल्यावर, म्हणजे उलट्या वाटेनं. सिनेमातून आलेल्या नटाची नेहमीची चूक म्हणजे वाक्याचं शेपूट गिळणं. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी. ते गिळलं की मागच्या रांगेला काय घडलं तेच कळत नाही. त्यावर उपाय एकच, श्वास वाक्याच्या मध्ये घ्यायचा आणि क्रियापदापर्यंत पुरवायचा. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’तल्या लांबलचक वाक्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही. त्यात नानासाहेब फाटकांच्या राघोबासमोर दुर्गाबाईंची आनंदीबाई. नानासाहेबांच्या त्या आवाजापुढे उभं राहायचं म्हणजे गंमत नव्हे. १९५४ला शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्येही हीच जोडी होती, ‘मॅकबेथ’चं ते रूपांतर हर्बर्ट मार्शल यांनी बसवलं होतं.

‘मुघल-ए-आझम’ची जोधाबाई सगळ्यांना ठाऊक आहे, तिच्यावर वेळ घालवत नाही. १९७४च्या ‘बिदाई’साठी सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर, १९८३चा फाळके पुरस्कार. याच काळात त्यांची स्वतःची निर्मितिसंस्था होती. दूरदर्शनवर १९८८ला आलेली ‘वागले की दुनिया’ तिचीच निर्मिती.