जॉब गार होऊ दे

(भोसरी एमआयडीसी. दुपारची पाळी. सीएनसी लेथचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकाम यंत्राचं, दार सरकतं.)

भोसरीतली एक छोटी शेड. दोन सीएनसी लेथ, एक जुना ग्राइंडर, दाराशी बुऱ्याचं पिंप. कातलेला जॉब, म्हणजे एक शाफ्ट, मशीनवरून उतरतो आणि नवा ट्रेनी लगेच जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावायला जातो. मागून मशीन लावून देणाऱ्या सेटरची हाक येते, "अरे, जॉब गार होऊ दे आधी!"

शाफ्टचा व्यास ५० मिलिमीटर. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी तफावत, फक्त १६ मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. पोलादाचा हा जॉब मायक्रोमीटरपेक्षा २० अंशांनी गरम असेल, तर ११-१२ मायक्रॉन जास्त जाड भरतो. मोजताना पास, गार झाल्यावर रिजेक्ट. तोवर माल टेम्पोतून चाकणच्या गिऱ्हाईकाकडे पोचलेला असतो.

यावरचा उपाय मालकाला पाठ आहे. कायम २० अंशांवर ठेवलेली मोजणीची खोली हवी. जगभर मापं याच तापमानाला धरतात. तिथे जॉब आणि गेज एकाच तापमानाला येतात, संशयाला जागा उरत नाही. शेडच्या मागे खोलीची जागाही आखून ठेवली आहे. खोली होत नाही, कारण पैसे बिलांत अडकलेत.

गिऱ्हाईक कंपनीचा खरेदी विभाग चीनचं कोटेशन पुढे सरकवतो आणि दर उतरवायला सांगतो. बरं, दर उतरवला, आता बिल तरी वेळेवर निघावं! २००६च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. एप्रिल २०२४ पासून तर मुदत टळलेलं बिल चुकतं होईपर्यंत गिऱ्हाईक कंपनीला ते खर्चात धरून आयकर वाचवता येत नाही. कायदा चांगला आहे. पण व्याज मागायचं कुणाकडे? उद्याची ऑर्डर ज्याच्याकडून यायची, त्याच्याकडेच. मग मालक बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं व्याज भरत राहतो, ते शाफ्टच्या किमतीत चढतं आणि महाग ठरते भोसरी.

पुण्याची ही कारागिरी घाईने उभी राहिलेली नाही. टेल्को, म्हणजे पुढची टाटा मोटर्स, इथे १९६६ मध्ये आली. पुण्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. टेल्कोचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी आधी मशीन टूल्स, टूलरूम आणि शिकाऊ मुलं घडवण्यावर जोर दिला. अकरा वर्षं! मोठ्या कारखान्यांत हात बसलेले कितीतरी जण पुढे भोसरीत, चिंचवडला स्वतःचं मशीन टाकून बसले. अशाच एका शेडमध्ये शिकलेला सेटर आज या पोराला थांबवतो आहे. स्वस्त मजुरीच्या शर्यतीत आपल्यापुढे कुणी ना कुणी असणारच. १६ मायक्रॉनच्या आत हजारो नग सलग काढणं, ही आपली खरी कमाई, असं मला ठामपणे वाटतं. तिला पोसायला खेळतं भांडवल लागतं.

(ग्रॅनाइटच्या टेबलावर शाफ्ट. भिंतीवर घड्याळ.)

वीस मिनिटं झाली. पोरगा शाफ्टला हात लावून बघतो, सेटरकडे पाहतो. सेटर मान हलवतो. मायक्रोमीटरचं रॅचेट टकटकतं. जॉब मापात आहे.

संध्याकाळी टेम्पो भरतो. मालक मालासोबत द्यायचं डिलिव्हरी चलन फाडतात आणि ऑफिस कॉपी खिळ्याला अडकवतात. त्याच खिळ्याला मागच्या तीन महिन्यांची चलनं लटकलेली आहेत.